उपग्रहांचे अंतरंग

ग्रहांभोवती फिरणाऱ्या नैसर्गिक उपग्रहांच्या पृष्ठाखाली खडक, धातू, बर्फ, द्रवरूप पाणी किंवा पोकळ्या कशा आणि किती खोलीवर आहेत, याचा अभ्यास. आजवर कोणत्याही उपग्रहात खोल छिद्र पाडलेले नाही. चंद्रावर अपोलो मोहिमांनी नळी घुसवून काढलेला सर्वांत खोल नमुना जेमतेम ३ मीटरांचा आहे. लातूर-बीडकडे उन्हाळ्यात आठशे-हजार फुटांचे बोअर घेतले जाते, ते याच्या जवळपास शंभरपट खोल जाते. त्यामुळे उपग्रहांच्या पोटाविषयीचे बहुतेक ज्ञान अनुमानाचे आहे आणि ते पाच गोष्टींवरून काढले जाते: घनता, स्वतःभोवती फिरण्याची ढब, भरतीला मिळणारा प्रतिसाद, कंपने आणि चुंबकीय क्षेत्र. यांपैकी कंपनांची साधने आजवर फक्त पृथ्वीच्या चंद्रावर बसवली गेली.

घनता आणि तिची मर्यादा

पहिला आकडा घनतेचा. चंद्राची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ३.३४ ग्रॅम आहे, पृथ्वीची ५.५१. गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांत आयोची ३.५३, युरोपाची ३.०१, गॅनिमीडची १.९४ आणि कॅलिस्टोची १.८३. शनीच्या टायटनची १.८८ आणि एन्सेलॅडसची १.६१. बर्फाची घनता ०.९२ आणि बेसाल्टची ३ च्या आसपास धरली, तर आयो जवळजवळ कोरडा खडक आहे आणि गॅनिमीडमध्ये बर्फ व खडक वजनाने साधारण निम्मे-निम्मे आहेत, एवढे लगेच कळते. पण हे घटक एकमेकांत कालवलेले आहेत की थराथरांनी बसले आहेत, हे घनता सांगत नाही. नुसत्या घनतेवरून उपग्रहाचे छेदचित्र काढलेले दिसले, तर ते चित्रकाराचे मत समजावे.

दुसरा आकडा जडत्व आघूर्णाचा, म्हणजे फिरण्यातील बदलाला गोल किती विरोध करतो याच्या मापाचा. वस्तुमान व त्रिज्येच्या वर्गाने भागल्यावर एकजिनसी गोलासाठी तो ०.४ येतो. जड द्रव्य जितके मध्याकडे गोळा झालेले, तितका तो कमी. पृथ्वीसाठी तो ०.३३१ आहे, चंद्रासाठी ०.३९३, म्हणजे चंद्राचा धातूचा गाभा अगदी लहान असला पाहिजे. गॅनिमीडसाठी तो सुमारे ०.३१, तर कॅलिस्टोसाठी ०.३५५. आकाराने जवळची ही दोन भावंडे, पण एकाचे पोट नीट निवळलेले, म्हणजे जड द्रव्य मध्याकडे आणि हलके वर असे थर झालेले, आणि दुसऱ्याचे अर्धवट.

मापनाची रीत अशी: यान उपग्रहाजवळून जाताना सतत रेडिओ संदेश पाठवते. उपग्रहाच्या ओढीने यानाचा वेग किंचित बदलतो आणि संदेशाची वारंवारता सरकते. त्या सरकण्यावरून गुरुत्वक्षेत्राचा चपटेपणा आणि विषुववृत्तावरचा लंबगोलपणा काढतात, मग त्यातून आघूर्ण. चूक येथेच शिरते. गुरूभोवती फिरणारे गॅलिलिओ यान कॅलिस्टोजवळून विषुववृत्ताच्या आसपासनेच गेले, म्हणून चपटेपणा स्वतंत्रपणे मोजता आला नाही. उपग्रह द्रवासारखा संतुलित आहे असे गृहीत धरून तो लंबगोलपणावरून ठरवला गेला. गृहीतक थोडे चुकले तरी ०.३५५ हा आकडा बदलतो आणि ‘अर्धवट निवळलेला’ हा निष्कर्ष डळमळतो.

चंद्र: कंपनांची साक्ष

अपोलो ११ चे कंपनमापक तीन आठवडेच चालले. अपोलो १२, १४, १५ आणि १६ ची चार केंद्रे मात्र ३० सप्टेंबर १९७७ पर्यंत चालू होती. त्यांनी बारा हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. त्यांत सर्वाधिक संख्या ७०० ते १,२०० कि.मी. खोलीवरच्या क्षीण चंद्रकंपांची. ते ठरावीक जागी, भरतीच्या चक्राबरोबर पुन्हा पुन्हा होतात. उथळ चंद्रकंप फक्त २८ सापडले, पण त्यांतील मोठे ५ महत्तेच्या पुढचे होते.

२० नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ च्या चांद्रयानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला गेला, तेव्हा कंपने जवळपास तासभर टिकली. कुंभाराकडे मडके वाजवून पाहणाऱ्याला याचे कारण चटकन कळेल: कोरडे भाजलेले मडके खणखणते, ओले बद्द वाजते. चंद्राच्या कवचात पाणी नसल्याने कंपनांची ऊर्जा शोषली जात नाही. शिवाय उल्कांच्या माऱ्याने वरचे कित्येक किलोमीटर भेगाळलेले असल्यामुळे लहरी इकडून तिकडे विखुरत राहतात. याच विखुरण्याने गाभ्यावरून परतणारे क्षीण संकेत झाकून टाकले. २०११ मध्ये जुन्याच नोंदी एकमेकींवर रचून, समान भाग उचलून काढल्यावर सुमारे ३३० कि.मी. त्रिज्येचा द्रव बाह्यगाभा आणि त्यात सुमारे २४० कि.मी. त्रिज्येचा घन अंतर्गाभा मांडता आला. चारही केंद्रे चंद्राच्या आपल्याकडील बाजूलाच होती. पलीकडच्या बाजूच्या खोल भागाबद्दल त्यामुळे या नोंदी फारशा बोलत नाहीत.

२०१२ मध्ये ग्रेल या जुळ्या यानांनी गुरुत्वक्षेत्र मोजले. त्यातून कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ कि.मी. आणि कवचातील सच्छिद्रता सुमारे १२ टक्के निघाली. आतून बाहेर येणारी उष्णता मात्र दोनच जागी मोजलेली आहे: अपोलो १५ च्या जागी चौरस मीटरला २१ मिलिवॉट, अपोलो १७ च्या जागी १६. अपोलो १५ मध्ये ठरलेली ३ मीटर खोली गाठता आली नाही. नळीच्या सांध्यांवरची आटे तुटक असल्याने भुगा वर न येता सांध्यापाशी दाटला आणि नळी अडकली. अपोलो १६ मध्ये तर अंतराळवीराचा पाय अडकून मापकाची तारच तुटली. दोन आकड्यांवरून सबंध चंद्राची उष्णता सांगणे धाडसाचे आहे.

चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण अक्षांश ६९ अंशांजवळ उतरले. त्याच्या चास्ते या मापकाने १० से.मी. खोलीपर्यंत दहा संवेदकांनी तापमान घेतले. पृष्ठापासून आठ सेंटिमीटरांतच सुमारे ६० अंशांचा उतार दिसला. चंद्राची माती उष्णता किती वाईट वाहते, याचा हा थेट पुरावा. इल्सा या कंपनमापकाने २६ ऑगस्टला एक घटना नोंदवली आणि ती नैसर्गिक असावी असे मानले जाते.

मराठवाड्याचा कातळ आणि किल्लारी

चंद्रावरचे काळे डाग, म्हणजे तथाकथित ‘समुद्र’, बेसाल्टच्या लाव्ह्याने भरलेले आहेत. मराठवाडाही जवळजवळ सगळा बेसाल्टवरच वसलेला आहे. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात आहेत. विहीर खणताना वरून माती, मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा पाषाण लागतो. मांजऱ्यातील पांढऱ्या-हिरवट गाठी म्हणजे वायूच्या पोकळ्यांत पाण्याने नंतर भरलेले झिओलाइटसारखे खनिज. चंद्राच्या बेसाल्टमध्येही वायूच्या पोकळ्या आहेत, पण त्या रिकाम्या आहेत. त्यांना भरायला पाणीच मिळाले नाही. वयाचा फरकही मोठा आहे: दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, चंद्रावरचा बहुतेक ३ ते ४ अब्ज वर्षांपूर्वीचा. जालना जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, विदर्भातील लोणारचे सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे विवर बेसाल्टमध्येच आघाताने झालेले आहे. तेथील खडकांत धक्क्याने काच झालेले फेल्डस्पार मिळते आणि म्हणून चांद्रविवरांच्या अभ्यासकांना ते जवळचे वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांमुळे हानी अतोनात झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. स्थिर समजल्या जाणाऱ्या या भूभागाखाली काय आहे, हे पाहण्यासाठी नंतर किल्लारीत ६१७ मीटरांचे वेधछिद्र घेतले गेले. बेसाल्ट ३३८ मीटरांवर संपला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन पायाचा खडक लागला. भूकंपलेख आणि वेधछिद्र यांची अशी गाठ घालता येणे हीच पृथ्वीवरची सोय आहे. चंद्रावर पहिले थोडे आहे, दुसरे नाही. बाकीच्या उपग्रहांवर दोन्ही नाहीत.

भरतीची उष्णता

चंद्राच्या ओढीने मराठवाड्याची जमीनही दिवसातून दोनदा वर-खाली होते, मोठ्या भरतीला एका वितीहून जास्त. आजूबाजूचे सगळेच उचलले जात असल्याने ते जाणवत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मंजूर झालेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेच्या ४ कि.मी. लांब भुजांना मात्र हा ताण सतत सावरावा लागेल.

आयोवर हाच खेळ प्रचंड प्रमाणात चालतो. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या प्रदक्षिणाकाळांचे प्रमाण १:२:४ असे जुळलेले आहे. त्यामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळ होऊ शकत नाही, गुरूपासूनचे अंतर बदलत राहते आणि सगळा गोल मळला जातो. त्याचा फुगवटा १०० मीटरांपर्यंत बदलतो. या घर्षणाने आयो आतून वितळलेला असेल, असे भाकीत पील, कॅसन आणि रेनल्ड्स यांनी २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केले. तीन दिवसांनी व्हॉयेजर १ तेथे पोहोचले आणि ८ मार्चला घेतलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना ज्वालामुखीचा फवारा दिसला. ग्रहविज्ञानात इतके वेळेवर खरे ठरलेले भाकीत क्वचितच मिळेल. आयोतून दर चौरस मीटरला सुमारे २.५ वॉट उष्णता बाहेर पडते, चंद्राच्या शंभरपटीहून जास्त. एवढी उष्णता म्हणजे कवचाखाली सलग लाव्ह्याचा समुद्र असणार, असा समज होता. २०२३ डिसेंबर आणि २०२४ फेब्रुवारीत जुनो यान सुमारे १,५०० कि.मी. अंतरावरून गेले. तेव्हाच्या मापनात आयो अपेक्षेपेक्षा ताठ निघाला, उथळ सलग समुद्राची कल्पना त्यामुळे मागे पडली.

बर्फाखालचे पाणी

युरोपाखालच्या समुद्राचा सर्वांत बळकट पुरावा चुंबकीय आहे. गुरूचा चुंबकीय अक्ष सुमारे १० अंश कललेला असल्याने युरोपाभोवतीच्या क्षेत्राची दिशा ११.२ तासांच्या चक्राने पालटत राहते. आत खारे, वीजवाहक पाणी असेल तर त्यात प्रवाह निर्माण होऊन उलट क्षेत्र उमटते. गॅलिलिओ यानाला असे पालटणारे क्षेत्र सापडले. घट्ट बर्फ वीज इतकी वाहत नाही आणि धातूचा गाभा फार खोल पडतो. बर्फ व पाणी मिळून थर १०० कि.मी.च्या घरात आहे, पण त्यातला बर्फ किती, यावर मते काही किलोमीटरांपासून ३० पर्यंत आहेत. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये पोहोचल्यावर बर्फभेदी रडारने हे पाहील.

एन्सेलॅडसची त्रिज्या केवळ २५२ कि.मी. आहे. एवढ्या लहान गोळ्याने केव्हाच गोठून जायला हवे होते. २००५ मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून बाष्प आणि बर्फकणांचे फवारे दिसले. पाणी ध्रुवाखालीच साचलेले आहे की सगळीकडे, हा वाद त्याच्या डुलण्याने, म्हणजे फिरताना किंचित मागे-पुढे होण्याने, मिटवला. विषुववृत्तावर हे डुलणे ०.१२ अंश, म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर भरते. कवच गाभ्याला चिकटलेले असते तर ते याच्या चौथाईच्या आसपास राहिले असते. म्हणजे कवच सर्वत्र पाण्यावर सुटे आहे. फवाऱ्यांत सिलिकाचे सूक्ष्म कण, हायड्रोजन आणि फॉस्फेट सापडले आहेत. पहिल्या दोहोंवरून तळाशी गरम पाणी आणि खडक यांची क्रिया चालू असावी असे दिसते.

टायटनचे प्रकरण इतके स्वच्छ नाही. भरतीने तो जितका ताणला जातो, त्यावरून २०१२ मध्ये समुद्र असल्याचे मानले गेले. २०२५ अखेरच्या फेरविश्लेषणात सलग समुद्राऐवजी चिखलासारखा बर्फ आणि मधूनमधून पाण्याचे कप्पे असावेत, असे मत मांडले गेले.

पोकळ उपग्रहांच्या कल्पना

चंद्र ‘घंटेसारखा वाजला’ या वाक्यावरून तो पोकळ असल्याचा समज पसरला. पोकळ गोलाचा जडत्व आघूर्ण अंक ०.४ पेक्षा मोठा येतो, चंद्राचा लहान आहे. तेवढ्यावर हा वाद संपतो. मंगळाच्या फोबोसबद्दल हीच कल्पना १९५० च्या दशकाअखेरीस रशियन खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की यांनी गंभीरपणे मांडली होती. तो मंगळाकडे इतक्या वेगाने सरकतो तर फार हलका असावा, हा त्यांचा तर्क; पण सरकण्याचा त्या वेळचा आकडा फुगलेला होता. फोबोसची घनता १.८७ च्या आसपास आहे आणि त्याच्या घनफळाचा सुमारे ३० टक्के भाग मोकळा असावा. ती एक पोकळी नसून दगडाधोंड्यांमधल्या असंख्य फटी आहेत.

मराठवाड्यातून निरीक्षण

आयोत उष्णता किती मुरते, याचे एक मोठे मापन २००९ मध्ये झाले आणि ते १८९१ ते २००७ या काळातील दुर्बिणीच्या नोंदींवर उभे होते. भरतीने ऊर्जा खर्च होते तशी उपग्रहाची जागा हळूहळू ढळते. म्हणून गुरूचे उपग्रह एकमेकांना झाकतात किंवा एकमेकांच्या सावलीत जातात, त्या क्षणांची नोंद हौशी निरीक्षकाने केली तरी उपयोगी पडते. असा हंगाम साधारण सहा वर्षांनी येतो. २०२१ नंतरचा २०२६-२७ मध्ये आहे आणि फेब्रुवारी २०२७ मधील गुरूची प्रतियुती (आकाशात तो सूर्याच्या विरुद्ध बाजूस असण्याची वेळ) मराठवाड्यातील निरभ्र रात्रींत येते. पॅरिसची आयएमसीसीई ही संस्था अशा घटनांची वेळापत्रके काढते आणि नोंदी गोळा करते.

सहा ते आठ इंची परावर्ती दुर्बीण, तिला लावलेला लहान व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसची वेळ एवढे पुरते. घटनेच्या दहा मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत सलग चित्रण करावे. तुलनेसाठी तिसरा उपग्रह चौकटीत ठेवावा. उपग्रहाचा ठिपका पांढराफटक होऊ देऊ नये, नाहीतर प्रकाशातील घट मोजताच येत नाही. नोंदी बाद होण्याचे मुख्य कारण वेळ. लॅपटॉपचे घड्याळ काही सेकंद सहज चुकते आणि आयो कक्षेत सेकंदाला १७ कि.मी. सरकतो. सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहून प्रतिमा हलवतो, त्यामुळे गच्चीपेक्षा उघडे रान बरे. मात्र भिजवलेल्या उसाच्या वा गव्हाच्या शेताजवळ थंडीत पहाटे आरशावर दव धरते. एप्रिल-मे मध्ये धुळीमुळे क्षितिजाजवळची मापे टाकून द्यावी लागतात, तेव्हा गुरू किमान ३० अंश वर असतानाच्या घटना निवडाव्यात.