स्पिंडल उलटवताना ऊर्जा जाते कुठे?

लेथला व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला की बटण दाबताच स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य दांडा, उलटा फिरणार, असा एक लाडका समज आहे. त्या भरात डिसेलरेशन टाइम, म्हणजे वेग उतरवण्याचा वेळ, १० सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणला जातो. ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि स्पिंडल मोकळाच गरगरत राहतो. बोल मात्र ड्राइव्हला लागतो. तो बिचारा स्वतःला वाचवत असतो.

घाई कशाला, ते आटे पाडताना कळतं. एम८ टॅपचा (होलच्या आत आटे पाडणाऱ्या हत्याराचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, १.२५ मिमी. ५०० आरपीएमवरून थांबायला १ सेकंद लागला, तर तेवढ्यात स्पिंडल चारच्या वर फेरे घेतो आणि टॅप आणखी ५.२ मिमी आत जातो. होल आरपार नसेल तर टॅप तुटलाच. ०.३ सेकंदात थांबला तर हेच अंतर दीड मिमीवर येतं.

आता ऊर्जेचा हिशेब. चक (काम पकडणारा भाग), स्पिंडल आणि रोटर (मोटरचा फिरणारा भाग) मिळून मोटरच्या शाफ्टवरचं जडत्व ०.०५ किग्रॅ-मी² धरू. १५०० आरपीएमला त्यात सुमारे ६१७ ज्यूल गतिज ऊर्जा असते. व्हीएफडी नसताना कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने) दोन फेज अदलाबदल केल्या की चुंबकीय क्षेत्र तत्क्षणी उलटं फिरू लागतं, रोटर मात्र जुन्याच दिशेने पळत असतो. स्लिप, म्हणजे क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगातला फरक, जवळपास २०० टक्के. थांबेपर्यंत या ऊर्जेच्या तिप्पट आणि उलट्या दिशेने पूर्ण वेग घेईपर्यंत चौपट, म्हणजे सुमारे २४७० ज्यूल उष्णता एकट्या रोटरमध्ये साठते.

व्हीएफडीची गंमत इथेच आहे. तो फ्रिक्वेन्सी हळूहळू उतरवतो, त्यामुळे रोटर क्षेत्राच्या किंचितच पुढे राहतो. स्लिप ऋण होते, तीही काही टक्क्यांचीच, आणि मोटरचा जनरेटर होतो. ऊर्जा इन्व्हर्टरमधून (ड्राइव्हच्या मोटरकडच्या भागातून) डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर, परत येते, पण पुढे वाट बंद! इनपुटचे डायोड एकदिशा असल्याने ती लाइनमध्ये जाऊ शकत नाही, कपॅसिटरमध्येच साठते. ४०० व्होल्ट सप्लायला बस साधारण ५६५ व्होल्टवर असते आणि ८०० च्या आसपास ट्रिप येतो. ५०० मायक्रोफॅरड कपॅसिटर असेल, तर ½C(V₂²−V₁²) या सूत्राने मधली जागा निघते जेमतेम ८० ज्यूलची. थोडी ऊर्जा मोटर आणि बेअरिंग खातात. उरलेली मावणार कुठे?

म्हणून ही ऊर्जा उष्णतेत जाळणारा ब्रेक रेझिस्टर. बस ७६० व्होल्टच्या आसपास गेली की चॉपर ट्रान्झिस्टर (ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) तो जोडतो. १०० ओहमला ७.६ अँपिअर, म्हणजे क्षणभर ५.८ किलोवॉट. आपल्याला अर्ध्या सेकंदात थांबायला सुरुवातीला सुमारे २.५ किलोवॉट लागतात, तेव्हा भागतं. मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा कमी रेझिस्टर लावला तर चॉपर जळतो. फार जास्त लावला तर ट्रिप कायम. रेझिस्टर वायरवाउंडच हवा आणि त्यावर थर्मल स्विच हवा, जो ड्राइव्हचा इनपुट कॉन्टॅक्टर पाडेल. चॉपर शॉर्ट झाला तर हाच रेझिस्टर ५६५ व्होल्टच्या बसवरून अखंड ३.२ किलोवॉट ओढत लाल होतो.

सेटिंगमध्ये स्टॉप मोड रॅम्प (फ्रिक्वेन्सी उतरवत थांबणं) ठेवावा, कोस्ट (मोकळं फिरत थांबणं) नव्हे. डिसेलरेशनमधलं स्टॉल प्रिव्हेन्शन बंद करावं, नाहीतर ड्राइव्ह परस्पर रॅम्प लांबवतो. बहुतेक ड्राइव्हमध्ये डिसेलरेशन टाइम कमाल फ्रिक्वेन्सीपासून शून्यापर्यंत मोजतात, तेव्हा कमाल ५० हर्ट्झ आणि वेळ १ सेकंद असेल तर २५ हर्ट्झवरून अर्ध्या सेकंदात थांबणार. ३ सेकंदांपासून सुरू करून उतरत जावं. आता ओव्हरकरंट येऊ लागला तर रेझिस्टर बदलून उपयोग नाही, टॉर्क संपलाय: वरच्या उदाहरणात अर्ध्या सेकंदाला १५.७ न्यूटन-मीटर पुरतात, ०.१ सेकंदाला ७८ लागतील. दिशा कंट्रोल टर्मिनलवरूनच बदलावी. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू स्थितीत तोडणारा कॉन्टॅक्टर नको.

‘ड्राइव्ह लावा, वीजबिल निम्मं’ ही जाहिरात मात्र पंख्या-पंपांकडून उसनी आणलेली आहे. तिथे पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. धातू कापायला लागते तेवढी लागतेच.

चक आट्यांवर बसणारा असेल तर जोरात ब्रेक किंवा रिव्हर्स नकोच, तो चालू स्पिंडलवरून उलगडून निसटतो. खुंट्यांनी घट्ट अडकणाऱ्या कॅमलॉक चकला ही भीती नाही. आणि स्पिंडलवर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) नसेल तर फीड आणि फेरे यांचा मेळ ड्राइव्ह एकटा राखू शकत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना थोडा सरकणारा फ्लोटिंग टॅप होल्डर वापरावा.