नरक्या: विषाचं औषध व्हायला लागलेली तीस वर्षं

महाबळेश्वर, आंबोलीच्या रानात नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड आहे. ते फुललं की असा दर्प सुटतो की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. त्याचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा. त्यातल्या ‘फीटिडा’चा अर्थही दुर्गंधी असाच. याच झाडाच्या सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असतं. कॅन्सरवरची दोन महत्त्वाची औषधं या रसायनापासून तयार झाली.

ते पहिल्यांदा सापडलं मात्र एका चिनी झाडात. 1966 साली अमेरिकेतल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं काढलं. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं नामांकित द्रव्यही याच जोडीनं शोधलं. इतक्या मोठ्या कामाच्या माणसाचं नाव आपल्या शाळकरी मुलांना माहीत नसतं, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे 1972 मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी नरक्यातही तेच रसायन असल्याचं दाखवून दिलं.

रसायन हाती आलं, पण औषध काही झालं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देऊन पाहिला. क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडतं, आणि रेणूची खरी ताकद त्या मिटलेल्या कड्यातच असते. परिणामी गुण थोडा आणि त्रास फार. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या.

हे रसायन पेशी नेमकं कसं मारतं, हे कोडं सुटलं 1985 मध्ये. सुतळीचे दोन पदर मधूनच ओढून वेगळे करून बघा, पुढचा पीळ आवळत जातो. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा असंच होतं. हा ताण सोडवायला टोपोआयसोमरेज-1 नावाचं विकर (एन्झाइम) एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं, मग सांधणं राहून जातं. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळली की दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरपेशींना याचा फटका जास्त बसतो. आतड्याच्या अस्तराच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून रुग्णाला जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात.

वर्म कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी कडं शाबूत ठेवून रेणूला पाण्यात विरघळणाऱ्या जोडण्या दिल्या. 1996 मध्ये अमेरिकेत टोपोटिकॅनला अंडाशयाच्या आणि इरिनोटिकॅनला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.

पण मग हे विष अंगात बाळगणारं झाड स्वतः कसं जगतं? टोपोआयसोमरेज तर त्याच्याही पेशींत असतं. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी त्या चिनी झाडाचं विकर तपासलं, तर त्यात ठरावीक जागी एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. या औषधाला न जुमानणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींतही अगदी तोच बदल आधी आढळला होता. झाडानं स्वतःला वाचवायला शोधलेली वाट कॅन्सरलाही सापडावी, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच थबकलो होतो.

म्हणूनच कुणी नरक्याची साल उकळून काढा घ्यायला सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. त्यात असतं ते कच्चं विष. त्याची मात्रा घरात मोजता येत नाही आणि कडं मिटलेलं आहे की उघडलेलं, तेही कळत नाही.

नरक्यावरचं संकट मात्र या कीर्तीमुळेच आलं. एक टन वाळक्या सालीतून साधारणपणे काही किलोच कॅम्प्टोथेसिन मिळतं. मागणी वाढली तशी सह्याद्रीत चोरटी तोड सुरू झाली. 2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी, तेच रसायन बनवणारी बुरशी सापडली, तेव्हा मोठी आशा वाटली होती. पण अशा बुरशा प्रयोगशाळेत वाढवल्या की पिढीगणिक त्यांचं उत्पादन घटत जातं. त्यामुळे भिस्त झाडावरच आहे. बुंधा राखून तोडलं तर नरक्याला पुन्हा फुटवे येतात. चोरटे मात्र मुळांसाठी झाड मुळासकट उपटतात.