एकच शिट्टी दोनदा

हेडफोन लावून डायल सावकाश फिरवा. मॉर्सची बारीक शिट्टी येते, खाली उतरत उतरत नाहीशी होते आणि डायल तसाच पुढे नेला की पुन्हा वर चढू लागते. स्टेशन एकच, पण भेटतं दोनदा. घरी जोडलेल्या डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरची, म्हणजे रेडिओ लहर एकाच पायरीत ऐकू येणाऱ्या सुरात बदलणाऱ्या साध्या सेटची, ही हमखास खूण.

समजा, स्टेशन ७०३० किलोहर्ट्झवर आहे आणि आपला ऑसिलेटर, म्हणजे सेटमध्येच लहर तयार करणारा भाग, ७०२९.३ वर. या दोन लहरी मिसळणारा मिक्सर दोहोंतला फरक देतो: ७०० हर्ट्झ, म्हणजे थेट ऐकू येणारा सूर. पण ७०२८.६ वर कुणी बोलत असेल, तर त्याचाही फरक ७००च. मिक्सरला अंतर कळतं, बाजू कळत नाही. बँडवर गर्दी असली की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर चढतात.

दुसरी अडचण अँप्लिफायरची. अँटेनातून येणारा संदेश मायक्रोव्होल्टमधला. तो जवळजवळ लाखपट वाढवायचा आणि तेही बहुतेक सगळं ऑडिओतच. मग टेबलावर बोट आपटलं तरी कानात 'टंग' होतं, मेनचा सप्लाय असेल तर गुणगुण शिरते. पहिल्या सेटला बॅटरीच लावा, हे मी आवर्जून सांगेन.

या अडचणींवरचा उपाय म्हणजे सुपरहेटरोडाइन, थोडक्यात सुपरहेट रिसीव्हर. त्याची कल्पना एडविन आर्मस्ट्राँगनं १९१८ मध्ये मांडली. यात संदेश आधी एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात, समजा ९ मेगाहर्ट्झवर. मिक्सर फरकासारखी बेरीजही देतो: आपले ७.०३ आणि ऑसिलेटरचे १.९७ मिळून ९. तिथे एकसारख्या क्रिस्टल्सचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीवरच कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यांचा) अरुंद फिल्टर बसवला की नको असलेली बाजू छाटली जाते. १०.९७ वजा १.९७ हेही ९च भरतात, त्यामुळे नको असलेल्या जुळ्या स्टेशनचं भूत इथेही आहे. पण ते जवळजवळ ४ मेगाहर्ट्झ लांब असल्यानं अँटेनाजवळचं, हव्या त्या फ्रिक्वेन्सीलाच वाट देणारं ट्यून्ड सर्किट त्याला अडवतं. वाढवण्याचं कामही टप्प्यांत वाटलं जातं. मात्र भाग वाढतात, जुळवणीही वाढते.

तरीही सुरुवात साध्या सेटनंच करावी, असं मला मनापासून वाटतं. कारण सुपरहेटचं शेवटचं टोक उघडून पाहा: एक मिक्सर, एक ऑसिलेटर, एक ऑडिओ अँप्लिफायर. ९ मेगाहर्ट्झवर कायमचा लावून ठेवलेला तो डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरच आहे. पहिला बोर्ड फेकू नका. त्याच्या ऑसिलेटरला क्रिस्टल लावा आणि अँटेनाच्या बाजूनं त्याच्याआधी फिरता ऑसिलेटर, आणखी एक मिक्सर आणि फिल्टर जोडा.