हॅरी राइट

विल्यम हेन्री उर्फ हॅरी राइट (१० जानेवारी १८३५ – ३ ऑक्टोबर १८९५) हा अमेरिकन बेसबॉलचा अगदी सुरुवातीचा प्रोफेशनल मॅनेजर, बरेच अभ्यासक तर त्यालाच पहिला धरतात. जन्म इंग्लंडात शेफील्डचा. लहानपणीच घरचे न्यूयॉर्कला आले, वडील सॅम्युएल तिथल्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे प्रोफेशनल (पगारी खेळाडू) आणि मैदानही तेच सांभाळायचे, त्यामुळे पोराच्या हातात आधी क्रिकेटचीच बॅट आली. १८५८ च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबकडून बेसबॉल खेळायला लागला.

१८६५-६६ च्या सुमारास सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबने त्याला पगारावर बोलावलं, तेही क्रिकेटसाठीच. दोन वर्षांत तो बेसबॉलकडे वळला आणि १८६९ मध्ये रेड स्टॉकिंग्ज टीम उभी राहिली. हिला ‘पहिली प्रोफेशनल टीम’ म्हणतात, पण इथे जरा जपून. खेळाडूंना गुपचूप पैसे द्यायची पद्धत आधीपासून होतीच, आणि त्याच सीझनला बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रोफेशनल क्लबांना परवानगी दिल्यावर इतरही काही क्लब पुढे आले. म्हणून ‘उघडपणे सगळ्यांना पगार देणारी पहिली टीम’ हे जास्त पटतं. हॅरीचा पगार १२०० डॉलर आणि धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), त्याला १४००, म्हणजे कॅप्टनपेक्षा भाऊ महाग!

त्या वर्षीचा ५७-० (५७ विजय, हार एकही नाही) हा आकडा सगळीकडे दिसतो. पण ऑगस्टमध्ये ट्रॉयच्या टीमविरुद्ध १७-१७ असताना समोरचे खेळाडू मैदान सोडून गेले, अंपायरने मॅच सिनसिनाटीला दिली, तरी ती टाय म्हणायची की विजय यावर मतं वेगळी, आणि सराव सामने मोजले तर विजयांची संख्याही बदलते.

१४ जून १८७० ला ब्रुकलिनमध्ये तिथल्याच अटलांटिक्स क्लबविरुद्ध ही न हरण्याची मालिका तुटली. ठरलेल्या नऊ इनिंग संपल्या तेव्हा ५-५, अटलांटिक्सवाले बरोबरीवर खुश होऊन निघाले, लोक मैदानात घुसले, पण हॅरी म्हणाला नाही, निकाल लागलाच पाहिजे. मैदान रिकामं करून खेळ पुन्हा सुरू झाला, अकराव्या इनिंगला सिनसिनाटीने दोन रन काढले आणि अटलांटिक्सने तीन, ८-७. टाय घेतला असता तर हार टळली असती.

खर्च झेपेना म्हणून त्याच वर्षाअखेर सिनसिनाटीने प्रोफेशनल टीम बंद केली. हॅरी भावासकट बोस्टनला गेला आणि टीमचं नावही सोबत नेलं. तिथे नॅशनल असोसिएशन या प्रोफेशनल लीगची १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदं (शेवटच्या वर्षी ७१ विजय, फक्त ८ हार), मग नॅशनल लीगची १८७७ आणि १८७८ ची. १८७४ मध्ये त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स या दोन टीम इंग्लंडला नेल्या, तिथे बेसबॉल दाखवलं आणि लॉर्ड्सवर क्रिकेटही खेळले.

मॅनेजर म्हणजे तेव्हा काय, तर टीम निवडणं, रेल्वेची तिकिटं, हॉटेल, गेटचा हिशेब, पत्रव्यवहार, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. त्याच्या वह्या आणि पत्रं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. गुडघ्यापर्यंतची पँट आणि खाली लाल मोजे हा ड्रेसही त्याच्याच टीममुळे रुळला.

पुढे प्रॉव्हिडन्स (१८८२-८३) आणि फिलाडेल्फिया (१८८४-९३) या टीमचा मॅनेजर. १८९० मध्ये डोळे गेले, काही काळाने दृष्टी परत आली. शेवटी नॅशनल लीगने त्याला अंपायरांचा प्रमुख केलं. अटलांटिक सिटीत वारला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत) १९५३ ला घेतलं, भाऊ जॉर्ज १९३७ लाच आत गेला होता.