खाच जुळली तरी रॅम जुळतेच असं नाही

नाशिकमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप आजही रोज राबतात. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये त्यांवर ड्रॉइंग उघडतात, करसल्लागारांच्या ऑफिसात टॅली चालते, पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये बिलं निघतात. मशीन रखडायला लागलं की नवं घेण्याआधी माणूस रॅम वाढवून बघतो, आणि मला हा विचार अगदी रास्त वाटतो. अडचण पुढे येते. कॅनडा कॉर्नरच्या दुकानात ‘डीडीआर किती?’ (म्हणजे रॅम कोणत्या पिढीची?) असं विचारतात, ‘थ्री’ असं उत्तर मिळतं आणि तेवढ्यावर व्यवहार होतो. घरी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, कडेची खाच जुळून मदरबोर्डावरच्या स्लॉटमध्ये खटकन बसते. पण डिस्प्ले येत नाही, किंवा आठ जीबी टाकूनही चारच दिसतात.

असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. रॅम जुळते की नाही हे ठरवण्याचं काम गेल्या चाळीस वर्षांत एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकत गेलं आहे. ते आज नेमकं कुठे आहे, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

एका ट्रान्झिस्टरवर आणि एका कपॅसिटरवर एक बिट साठवायची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ची. १९७०मध्ये इंटेलची ११०३ ही मेमरी चिप बाजारात आली. १९८१च्या आयबीएम पीसीत मेमरी वाढवायची म्हणजे सुट्या चिपा बोर्डावरच्या सॉकेटमध्ये एकेक करून दाबायच्या. आठ चिपा माहितीच्या, नववी पॅरिटीची, म्हणजे चूक पकडायची. एखादा पाय वाकला की झालं. त्या काळात जुळणी पूर्णपणे कारागिराच्या हातात होती.

१९८३मध्ये वँग लॅबोरेटरीजने या चिपा एका छोट्या पट्टीवर बसवल्या. हा सिम (SIMM; मोबाइलच्या सिमकार्डाशी त्याचा संबंध नाही). तीस पिनांचा सिम एका वेळी आठ बिट देई आणि इंटेलच्या ४८६ प्रोसेसरला एका वेळी बत्तीस बिट लागत, म्हणून चार सारख्या पट्ट्या एकदम घ्याव्या लागत. पुढे बहात्तर पिनांचा बत्तीस बिटांचा सिम आला, पण १९९३च्या पेंटियमने चौसष्ट बिट मागितले आणि पुन्हा जोडी आलीच. त्या पिढीचे तंत्रज्ञ आजही सवयीने ‘रॅम जोडीनेच घ्या’ म्हणतात. तेव्हा जोडीशिवाय मशीन सुरूच होत नसे. आज एका स्टिकवर ते सुरू होतं, फक्त दोन स्टिक जोडीने वापरल्यावर मिळणारा ड्युअल चॅनेलचा वेग मिळत नाही. सल्ला तोच राहिला, कारण मात्र पार बदललं.

एकशे अडुसष्ट पिनांचा, चौसष्ट बिटांचा डिम (DIMM) आला आणि एक स्टिक पुरेशी झाली. इंटेलने १९९८मध्ये पीसी१०० हे मेमरीच्या वेगाचं मानक आणलं, आणि त्याच सुमारास स्टिकवर आणखी एक इवलीशी चिप रुळली, एसपीडीची. स्टिक किती क्षमतेची, किती वेगाची, तिचे टायमिंग काय, हे सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं आणि मशीन सुरू होताना बोर्ड ते वाचतो. त्याआधी वेग जुळवायचा म्हणजे बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडे घालून बघायचे. आता वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या तरी बोर्ड दोघींना झेपेल असा हळू वेग निवडतो. २४०० आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २४००वर चालतात. ‘वेग वेगळा आहे, चालणार नाही’ ही भीती त्यामुळे बहुतेक वेळा अनाठायी असते.

खाचेची गोष्ट जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची. डीडीआरचं मानक २०००चं, पिना १८४. डीडीआर२ २००३मध्ये आली, डीडीआर३ २००७मध्ये. दोघींच्याही पिना २४०. डीडीआर४चं मानक २०१२चं, डीडीआर५चं २०२०चं. इथेही दोघींच्या पिना सारख्याच, २८८. व्होल्टेज मात्र प्रत्येक पिढीत उतरत गेलं, डीडीआर२पासून बघितलं तर: १.८, १.५, १.२ आणि आता १.१. चुकीच्या स्लॉटमध्ये चुकीची स्टिक बसू नये म्हणून प्रत्येक पिढीत खाच थोडी सरकवली. खाचेचं काम तेवढंच. ती पिढी सांगते. त्या पिढीतली कोणती स्टिक आपल्या बोर्डाला कळेल, हे ती सांगत नाही.

ते ठरतं मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागावर. आधी हा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांमध्ये, असायचा. एएमडीने २००३मध्ये अॅथलॉन ६४मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८मध्ये. म्हणून आज रॅमचा वेग बोर्डाइतकाच प्रोसेसर ठरवतो. इंटेलचा आय५-८४०० हा प्रोसेसर २६६६पर्यंतच जातो. साध्या बी३६० बोर्डावर त्याला ३२००ची स्टिक दिली तरी ती २६६६वरच चालणार. नुकसान काही नाही, पण ३२००साठी जास्तीचे पैसे मोजलेत तर ते वाया.

गिऱ्हाईक खरं फसतं ते चिपांच्या घनतेवर, म्हणजे एका चिपमध्ये किती बिट मावतात यावर. इंटेलच्या १९९८च्या ४४०बीएक्स चिपसेटला २५६ मेगाबिटची चिप कळत नव्हती. त्यामुळे आठ चिपांची २५६ एमबीची स्टिक त्यात निम्मीच दिसायची, आणि तेवढ्याच क्षमतेची सोळा चिपांची स्टिक पूर्ण दिसायची. दहा-बारा वर्षांनी हाच घोळ जी४१ चिपसेटने केला, आणि आपल्याकडे असेंबल्ड मशीनमध्ये जी४१ भरपूर विकला गेला. त्याच्या डीडीआर३ बोर्डावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली चार जीबीची स्टिक चालते. एका बाजूला आठ चिपा असलेली नवी, देखणी स्टिक चालत नाही. दोघींवर लेबल एकच: ४ जीबी, डीडीआर३. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे स्टिकच्या कडेची सोनेरी पट्टी खोडरबराने घासणे. पट्टीवर थर साचला असेल तर त्याने खरंच फरक पडतो. घनता जुळत नसेल तर कितीही घासा. त्यानंतरच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डाला ही अडचण नाही, दोन स्लॉटमध्ये आठ-आठ जीबी तो घेतो.

‘फक्त एएमडीसाठी’ असं सांगून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिक याच घराण्यातल्या. त्यांतल्या चिपांची रचना इंटेलच्या कंट्रोलरला समजत नाही. निवृत्त सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड (मध्ये एक जादा रजिस्टर चिप असलेल्या) स्टिकचंही तसंच. डीडीआर३ आणि डीडीआर४मध्ये त्यांची खाच साध्या स्टिकसारखीच असल्याने त्या घरच्या बोर्डावर व्यवस्थित बसतात, पण चालत नाहीत. डीडीआर५मध्ये ही खाचही वेगळी केली, हे फार बरं झालं.

संक्रमणाच्या वर्षांत गोंधळ वाढतो. २०१५च्या सहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर डीडीआर४ही घेत आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एलही. २०२१च्या बाराव्या पिढीला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, मात्र बोर्ड सहसा एकाच जातीचा असतो. म्हणून नुसतं प्रोसेसरचं नाव सांगून रॅम मागू नये. डीडीआर५मध्ये तर चार स्टिक लावल्या की वेग उतरतो: रायझन ७०००साठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० दिला आहे, चार स्टिकना ३६००. पुढे बत्तीस जीबी लागणार असतील तर आज आठ-आठच्या दोन घेऊन नंतर आणखी दोन जोडण्यापेक्षा सुरुवातीलाच सोळाच्या दोन घ्याव्यात.

जुन्या मशीनसाठी दुकानात जाताना बोर्डाचा मॉडेल नंबर लिहून न्यावा. तो बोर्डावरच छापलेला असतो, सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्येही दिसतो. जुनी स्टिक काढून सोबत न्यावी आणि दुकानदारासमोर दोन्हींवरच्या चिपा मोजाव्यात. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे ‘बोर्डाने घेतली नाही तर बदलून मिळेल’ हे बिलावर लिहून घेण्यात संकोच करू नये.