बसऱ्याहून आलेला बिल्ला आणि त्याच्या कडेवरचं नाव

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागे दोन-तीन जुने बिल्ले, म्हणजे लष्करी पदकं, निघतात. पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते, यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नसतं. मग बिल्ला सराफाकडे जातो, वजन होतं आणि चांदीचा भाव सांगितला जातो. कडेवर काय कोरलंय ते कुणी वाचत नाही, आणि सगळी माहिती नेमकी तिथे असते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता; बसरा हे तिथलंच बंदर. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. उरलेले तुर्कांच्या कैदेत गेले. पुढे १९१८ मध्ये इराकमधल्याच शरकतच्या लढाईत ११४ नंबरच्या पलटणीने शौर्यपदकं मिळवली. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली.

हा काळ बिल्ल्यांच्या संख्येवरूनही कळतो. ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी रणक्षेत्रावर पोचलेल्याला ब्राँझचा तारा, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि पंखधारी विजयदेवतेचं ब्राँझ व्हिक्टरी मेडल अशी तीन मिळत. त्यानंतर गेलेल्याला तारा नाही, फक्त दोन. कुतचा शिपाई असेल तर घरात तारा असायला हवा; नसेल, तर तो हरवला किंवा विकला गेला असं समजायला हरकत नाही. वॉर मेडल सोडून सगळं पिवळं-तांबूस असतं. वॉर मेडलच तांबूस निघालं तर ते खोटं ठरवून टाकू नका. मजूर तुकड्यांना ते ब्राँझमध्ये दिलं जाई.

गोल पदकांवर नाव कडेवर असतं, ताऱ्यावर मागच्या सपाट बाजूला. खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून पदक हळूहळू फिरवा आणि मोबाइलवर सात-आठ फोटो काढा. क्रम साधारण असा असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नंबर एकेका पलटणीचा वेगळा, त्यामुळे नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही. पलटणीचा आकडा लागतोच. १९२२ मध्ये हे जुने आकडे गेले आणि पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या. म्हणून आजोबा ‘पाचवी मराठा’ म्हणत आणि बिल्ल्यावर ११० असेल, तर दोन्ही बरोबर असू शकतं. नावांचं इंग्रजी स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर होतं. जाधव, पवार, शिंदे यांची तीन-चार रूपं करून शोधावं लागतं.

शिपाई लढाईत मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन यादीत बघा. तिथे नावापेक्षा गाव टाकून शोधणं सोपं पडतं, कारण बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. मेसोपोटेमियात मेलेल्यांच्या बसरा इथल्या स्मारकाच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र नुसता आकडा. त्या शिपायांच्या बाबतीत घरातला बिल्ला हा धातूवर कोरलेला दस्तऐवज ठरतो. मृताच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडीही येई. तिच्यावर हुद्दा न लिहिता फक्त नाव असे. जिवंत परतलेल्यांसाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहावं. कडेचा फोटो, गाव, तालुका आणि पेन्शनचा कागद असल्यास त्याची प्रत जोडावी. गावात महायुद्धाचा संगमरवरी फलक असेल तर तोही पाहा, पण त्यावर बहुधा लढाईला गेलेल्यांची आणि मेलेल्यांची संख्याच असते.

दुसऱ्या महायुद्धाचे सहा टोकांचे तारे आणि पांढुरक्या धातूची पदकं पुष्कळ निघाली. त्यांना भाव कमी, आणि कित्येकांवर नावही नसतं. तिथे पदकापेक्षा डिस्चार्जचा कागद मोलाचा.

किमतीचं म्हणाल तर वॉर मेडलची चांदी जेमतेम एक औंसाची, ९२.५ टक्के शुद्ध. संग्राहक चांदीला नव्हे, नाव, पलटण आणि पूर्ण संचाला पैसे देतो. संचातलं एक विकलं की उरलेल्यांचाही भाव पडतो. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी असंख्य मेडलं वितळली. खरेदी करणाऱ्याने कड नीट पाहावी. व्यास ३६ मिलिमीटर असायला हवा. एखाद्या जागी तो कमी भरला तर तिथलं नाव घासून दुसरं कोरलेलं असण्याचा संशय घ्यावा. पृष्ठभागावर बारीक दाणे किंवा बुडबुडे दिसले तर ते साच्यात ओतलेलं, खोटं.

सर्वांत जास्त नुकसान दसऱ्याच्या साफसफाईत होतं. चिंच, राख, भांड्यांची पावडर लावून घासलं की कडेची अक्षरं झिजतात, ती परत येत नाहीत. कोरड्या सुती कापडाने धूळ पुसली की पुरे. मूळ फीत फाटली तरी टाकू नये. रबरबँड लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी आम्लविरहित कागद वापरावा, कोकणात सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर ती बदलावी.

परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंदी आहे, आणि महायुद्धाचे हे बिल्ले आता ती मर्यादा ओलांडू लागले आहेत.