कमी बुद्धीचे पात्र (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ)

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत (आरपीजी) प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि ते काय बोलते, काय करते हे स्वतः ठरवतो. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी असे गुण आकड्यांत नोंदलेले असतात, आणि अवघड काम साधले की नाही हे फासा टाकून त्या आकड्यांच्या आधाराने ठरते. बुद्धीचा आकडा सरासरीच्या बराच खाली असलेले पात्र वठवणे ही या खेळांतली सर्वांत अवघड कामगिरी म्हणावी लागेल. किरकोळ अंगाच्या खेळाडूला पैलवानाचे पात्र सहज घेता येते, कारण धोंडा उचलायचे काम फासे करतात. बुद्धीचे तसे होत नाही. कोडे सुटते ते खेळाडूच्याच डोक्यात, आणि एकदा सुटलेले कोडे सुटलेच नाही असे मनाला पटवता येत नाही.

आकडा काय सांगतो

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप पाडण्याची शक्ती हे सहा गुण त्यातूनच रूढ झाले. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज घ्यायची, म्हणजे आकडा ३ ते १८ आणि सरासरी १०.५. बुद्धी ५ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता २१६ पैकी १०, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या थोडी वर. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत १ आणि २ हे आकडे जनावरांसाठी राखले होते. त्यामुळे ३ बुद्धीचे पात्रही बोलते, नाती ओळखते, दिलेला शब्द लक्षात ठेवते.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बुद्धी १० असेल तर फाशाच्या आकड्यात काहीच मिळवायचे नसते, ८ असेल तर एक वजा होतो, ६ असेल तर दोन. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक हवे असतील तर सामान्य पात्र २० पैकी ६ वेळा यशस्वी होते आणि ६ बुद्धीचे पात्र ४ वेळा. फरक एवढाच आहे. तरीही आठ आकडा दिसला की अनेक खेळाडू तोंडाचा आ वासून, अडखळत बोलू लागतात. नियमांप्रमाणे आठवाला माणूस आपल्या गल्लीतल्या कुणाहीसारखा असतो. फक्त वीस प्रसंगांत एखाद्या ठिकाणी तो कमी पडतो.

असली पात्रे मुळात जन्मतात हिशोबातून. ठरलेल्या आकड्यांची वाटणी करायची असली की योद्ध्याचा खेळाडू सर्वांत लहान आकडा बुद्धीत टाकतो. खेळाडूंच्या भाषेत तो ‘डंप स्टॅट’. १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात बुद्ध्यंक कमी घेतला की त्याबदली मिळालेले पॉइंट दुसरीकडे खर्च करता येतात. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या खेळाने मात्र ही वाट बंद केली. तिथे बुद्धी दोन फासे अधिक सहा अशी काढतात, त्यामुळे ती ८ च्या खाली जातच नाही. तो खेळच शोध घेणाऱ्यांचा आहे.

बुद्धी आणि शहाणपण

या दोन गुणांची फारकत हा विषयाचा गाभा आहे आणि मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाला. शिकलेला, बहुश्रुत, तरीही मूर्ख असा माणूस त्यांनी वेगळा काढून दाखवला. सज्जनगडाजवळच्या साताऱ्यात वाढलेल्या खेळाडूला ‘बुद्धी १६, शहाणपण ६’ असा कागद दिला, तर तो कुणाचा हे तो लगेच ओळखेल.

उलट टोकाचे उदाहरण सांगलीच्या हळदीच्या पेठेतून घेऊ. महादू हमाल: बुद्धी ६, शहाणपण १४. कथेत काही कागद हरिपूरच्या एका पेवात दडवलेले आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायला जमिनीत पेवे खोदत. महादूला चोपडीतला हिशोब लागत नाही, नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. पण पेवाचे तोंड उघडताच सोबती दोर सोडून उतरू लागतात, तेव्हा तो त्यांना आडवा होतो. “त्येला आधी श्वास घिऊ द्या,” एवढेच म्हणतो. बंद पेवात प्राणवायू कमी होतो आणि जड वायू तळाशी साठून राहतो, हे त्याला माहीत नाही. त्याच्या मते पेव झोपेतून उठलेले असते आणि त्याला लगेच त्रास द्यायचा नसतो. त्याचे कारण चुकलेले आहे, कृती बिनचूक आहे. कमी बुद्धीच्या पात्राला खेळात मानाची जागा मिळते ती अशा क्षणी.

अडाणीपण ही आणखी वेगळी गोष्ट. वर उल्लेखलेल्या तिसऱ्या आवृत्तीत रानटी योद्धा सुरुवातीला निरक्षर असे, मग त्याची बुद्धी १८ का असेना. अक्षर न येणे आणि डोके न चालणे यांची गल्लत होऊ नये, हे नियम लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात होते.

वठवण्याच्या रीती

सुरुवात पात्राला काय कळत नाही इथून केली की ते पात्र पोकळ होते. त्याला काय हवे आहे, इथून सुरुवात करावी. इच्छा ठाम असली की तर्क चुकला तरी पात्र जिवंत राहते. महादूला धाकट्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे आहे, म्हणून तो प्रत्येक नवी गोष्ट “ह्येचं पैसं किती येत्याल?” या एकाच मापाने मोजतो. चुकीचे असले तरी ते माप आहे, आणि खेळाडूने ते सोडू नये. खुळ्या माणसाला आपण खुळे आहोत असे वाटत नसते. तो आपल्या अनुभवातून विचार करतो, फक्त अनुभव तोकडा असतो.

दुसरी रीत शब्दशः अर्थ घेण्याची. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट धरून ठेवण्याची. खेळाडूला स्वतःला उत्तर सुचले तर ते गिळून बसण्याची गरज नाही. टेबलावर ते दुसऱ्या पात्राच्या तोंडी द्यावे, किंवा आपल्या पात्राकडून नकळत, भलत्याच कारणाने घडवून आणावे. काही सूत्रधार (गेममास्टर, म्हणजे प्रसंग मांडून खेळ चालवणारे) अशा वेळी बुद्धीचा फासा टाकायला लावतात. हे क्वचित केलेले बरे, कारण दर वेळी फासा मागितला की खेळाडू बोलायचाच थांबतो. आणि ‘माझं पात्रच असं आहे’ म्हणत सोबत्यांची मसलत मोडणे, पहारेकरी उगाच जागे करणे, ही पात्राची आज्ञा नव्हे. तो खेळाडूचा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

वेड घेऊन पेडगावला जाणारे पात्र या नोंदीत बसत नाही. ते हुशारच असते.

सोंगाड्याचा वारसा

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सांगलीत पहिले नाटक केले. त्या नाटकांत सूत्रधार पद्ये म्हणे, कथा पुढे नेई आणि पात्रे आपली भाषणे जागच्या जागी रचत. विदूषकही त्यांत असे. सूत्रधाराने प्रसंग मांडायचा आणि पात्रांनी उत्स्फूर्त बोलायचे, ही रोलप्लेइंग खेळाचीच ठेवण आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काहीच नाही, पण सांगलीच्या खेळाडूला हा प्रकार परका वाटायचे कारणही नाही.

त्याहून जवळचा गुरू म्हणजे तमाशातला सोंगाड्या. पठ्ठे बापूराव याच मुलखातल्या रेठरे हरणाक्षचे. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी सोंगाड्याच्या कामावर गावोगावची माणसे रात्र रात्र बसवून ठेवली. सोंगाड्या राजाचे वाक्य शब्दशः घेतो, भाबडा प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाने राजाच उघडा पडतो. हसू त्याच्या चुकीला येते, पण त्याला कुणी तुच्छ लेखत नाही. त्याचे काम शिकायचे असेल तर थांबणे शिकावे. प्रश्न ऐकल्यावर तो क्षणभर खरोखर विचार करतो, आणि प्रेक्षकाला तो विचार दिसतो.

बोली आणि अवहेलना

मराठीत खेळताना एक दोष फार सहज शिरतो. पात्र खुळे दाखवायचे झाले की खेळाडू गावाकडची बोली धरतो: “व्हय”, “न्हाई”, “न्हवं का”. बोलीचा आणि बुद्धीचा काडीमात्र संबंध नाही. वाळवा-कडेगावच्या घरात याच भाषेत उसाचा हिशोब होतो, पाणीवाटपाची भांडणे मिटतात. टेबलावरच्या एखाद्याची आई तशीच बोलत असते, आणि तो गप्प राहून सगळे ऐकत असतो. वरच्या उदाहरणात महादू बोलीत बोलतो तो हमाल आहे म्हणून. त्याच पेठेतला त्याचा हुशार मुकादमही तसाच बोलला पाहिजे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांची नक्कल हा त्याहून गंभीर प्रकार. अशी माणसे अनेकांच्या घरात असतात. त्यांचा चेहरा, त्यांचे अडखळणे उचलून हशा मिळवणे टेबलावर थांबवावेच लागते, आणि ते खेळ सुरू होण्याआधी बोलून ठेवलेले चांगले.

प्रस्तुत लेखक सांगलीत जो खेळ चालवतो, त्यात एका संध्याकाळी बोलीवरून असाच एक मुलगा उठून गेला होता. तो परत आला, त्यानंतर पात्रांच्या भाषा बदलल्या. आता तिथला राजज्योतिषी वाळव्याच्या बोलीत ग्रहणाची वेळ सांगतो, आणि ५ बुद्धीचा शिलेदार शुद्ध छापील मराठीत त्याला विचारतो, की चंद्र गिळणाऱ्याला तो घशात टोचत कसा नाही.